हॅममध्ये रुतलेला सेल आणि पोटात चालणारी घडी

रोबोटिक्सचे संशोधक शुहेई मियाशिता यांनी हॅमचा (डुकराच्या खारवलेल्या मांसाचा) एक तुकडा विकत आणला आणि त्यावर एक बटन सेल ठेवून दिला. मनगटी घड्याळात, वजनकाट्यात, मुलांच्या लुकलुकणाऱ्या खेळण्यात असतो तसा. अर्ध्या तासात सेल मांसात पुरता रुतून बसला. हा प्रयोग त्यांनी केला तो डॅनिएला रुस यांना पटवण्यासाठी. रुस म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या संगणकशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या गटाकडे स्वतःच घडी पडून आकार घेणारा आणि तारेविना चालणारा एक चिमुकला रोबो आधीपासून होता. गिळलेला सेल काढणं हे त्याच्या जोगतं काम आहे, असं मियाशितांचं म्हणणं होतं. पानभर युक्तिवादानं जे झालं नसतं ते हॅमनं केलं.

त्यातून जे उभं राहिलं ते मे २०१६ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स परिषदेत मांडलं गेलं. बर्फाच्या गोळीत गुंडाळून गिळायचा, जठरात उलगडणारा, बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रानं चालवायचा आणि काम झाल्यावर बव्हंशी विरघळून जाणारा रोबो. एमआयटीबरोबर शेफील्ड विद्यापीठ आणि टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी इथले लोकही या कामात होते.

बातम्यांनी तेव्हा ‘गिळायचा रोबो’ एवढंच उचललं. मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणानं. रोबोच्या अंगातून बॅटरी काढली म्हणजे तिचं ओझं संपत नाही, ते बाहेर कुठंतरी जाऊन बसतं. ते कुठं बसलं, यावर मग रोबोचं अंग, त्याची चाल आणि तो कुठवर पोचणार हे सगळं ठरतं. इथं ते टप्प्याटप्प्यानं दिसतं.

सेल पोटात नेमकं काय करतो

सेल फुटतो आणि आतलं रसायन गळतं, असं बहुतेकांना वाटतं. मुख्य इजा त्यानं होत नाही. सेल ओल्या मांसाला टेकला की मांसातूनच विद्युतप्रवाह वाहू लागतो. ऋण बाजूला पाण्याचं विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होतं, तिथला पीएच चढत जातो आणि आम्लानं नव्हे तर अल्कलीनं ऊतक जळतं, अक्षरशः साबणासारखं मऊ पडत जातं. पाण्याच्या विघटनाला तत्त्वतः १.२३ व्होल्ट लागतात. सीआर२०३२ हा २० मिलिमीटरचा लिथियम सेल ३ व्होल्टचा असतो. म्हणूनच रिमोट चालेनासा झाला तरी त्यातला ‘संपलेला’ सेल पोटात गेला तर तो संपलेला नसतो. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं.

एमआयटीनं दिलेला आकडा असा की एकट्या अमेरिकेत दरवर्षी बटन सेल गिळल्याच्या ३,५०० घटना नोंदवल्या जातात. त्यातले बरेच सेल काही न करता शौचावाटे निघून जातात. जे एका जागी टेकून राहतात ते घात करतात.

(घरात असं घडल्याची शंका जरी आली तरी ओकारी काढायला लावू नका, थेट रुग्णालय गाठा. एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, नाणं आणि सेल यांतला फरक डॉक्टर त्यावरून ओळखतात.)

बॅटरीच्या मागे बॅटरी का नाही पाठवायची

पोटात जाणारी उपकरणं तेव्हा नवी नव्हती. कॅमेरा असलेली गोळी २००१ पासून अमेरिकेत वापरात आहे. साधारण २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड. तिच्या आत काय असतं? बटन सेलच. सिल्व्हर ऑक्साइडचे दोन, पक्क्या कवचात बंद. त्यांच्यावर काही तास छायाचित्रं निघतात, पण गोळी स्वतः हलत नाही, आतडं नेईल तिकडे जाते. पाहायला ऊर्जा कमी लागते, हलायला जास्त.

आता वजनाचा हिशेब पाहा. या गटानं २०१५ मध्ये दाखवलेला आधीचा रोबो १.७ सेंटिमीटर चौरस होता आणि चुंबकासकट ०.३१ ग्रॅमचा. एक सीआर२०३२ सेल भरतो साधारण ३ ग्रॅम. म्हणजे ज्याला उचलायला जायचं, त्याच्याच भावंडाला पाठीवर घ्यायचं ठरवलं तर रोबोचं वजन दहापट होणार. वर मोटर, तारा, सर्किट. ते सगळं गिळायच्या गोळीत मावत नाही, आणि मऊ तर मुळीच राहत नाही.

मग ऊर्जा बाहेरून पाठवायची. वाटा अनेक होत्या. प्रकाश मांसात फार खोल शिरत नाही. मोबाइलच्या वायरलेस चार्जिंगसारखी वीज पाठवायची तर रोबोत तांब्याची गुंडाळी हवी, आणि जठरात कुशी बदलत लोळणाऱ्या रोबोची गुंडाळी बाहेरच्या गुंडाळीसमोर कायम सरळ कशी राहणार? शिवाय आलेल्या विजेचं हालचालीत रूपांतर करायला पुन्हा एक यंत्रणा लागतेच.

चुंबकानं हे मधले टप्पे गाळले. सावकाश बदलणारं चुंबकीय क्षेत्र माणसाच्या शरीरातून जवळजवळ काहीच अडथळा नसल्यासारखं आरपार जातं आणि वाटेत मांस तापवत नाही. आत फक्त एक कायमचुंबक ठेवायचा. तोच अँटेना, तोच मोटर, तोच सुकाणू.

इथं एक बारकावा आहे आणि सगळी रचना त्यावर उभी आहे. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, पण होकायंत्र टेबलावरून उत्तरेकडे सरकत नाही. सगळीकडे सारखं असलेलं चुंबकीय क्षेत्र चुंबकाला फक्त पिळतं, ओढत नाही. ओढायचं तर क्षेत्र एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी असावं लागतं, आणि तो उतार अंतराबरोबर फार झपाट्यानं ओसरतो. पीळ त्या मानानं स्वस्त पडतो.

किती स्वस्त? हा माझा हिशेब, त्यांचा नव्हे. ३ मिलिमीटर बाजूचा निओडायमियम या धातूपासून केलेल्या जोरकस चुंबकाचा घन घ्या, वजन साधारण ०.२ ग्रॅम. त्याला आडवं ५ मिलिटेस्लाचं क्षेत्र द्या. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाच्या अंगाशी साधारण एवढंच असतं. त्यावर पीळ येतो ०.०००१३ न्यूटन-मीटरच्या आसपास. ०.३ ग्रॅमचा रोबो एका सेंटिमीटरच्या भुजेवर उचलायला ०.००००३ पुरतो. चौपटीहून जास्त हाती राहतं. म्हणजे ताकद आहे, पण ती फक्त वळण्याची. वळण्यातून चालणं काढायचं, हे काम आता रोबोच्या अंगाचं.

भात्याची घडी आणि गोदरेजचं कपाट

गोदरेजचं जड कपाट एकट्यानं सरकवलंय कधी? ते उचलत नाहीत, ढकलतही नाहीत. एक कोपरा जमिनीवर रोवून दुसरा पुढे फिरवायचा, मग तो रोवून पहिला. गॅसवाला सिलिंडर तिरका करून कडेवर फिरवत नेतो त्यातही तीच युक्ती. हातानं आपण देतो तो पीळ, पुढे जाणं घडतं ते जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे.

रोबोची चाल हीच. एक पाय घर्षणानं पृष्ठभागाला धरून राहतो, अंग वाकतं, वजन दुसरीकडे सरकतं, धरलेला पाय सुटून घसरतो. धरायचं, सुटायचं, धरायचं. क्षेत्र जोरात फिरवलं तर रोबो जागच्या जागी गरगरतो. सावकाश फिरवलं तर एका रोवलेल्या पायाभोवती वळतो. २०१५ चा रोबो याच चालीनं सेकंदाला आपल्या अंगाच्या ३.८ पट अंतर कापायचा.

पण त्या रोबोचं अंग मायलार या प्लास्टिकच्या पत्र्याचं होतं, कडक. शिवाय त्याच्या एका आवृत्तीचं अंग विरघळायचं ते अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात. पोटासाठी दोन्ही निकामी. शरीराला चालेल असा पदार्थ हवा होता, आणि असा पदार्थ मऊ असतो. संघातले स्टीव्हन गिट्रॉन यांनी अडचण स्वच्छ सांगितली होती: रोबो पुरेसा लहान आणि पुरेसा ताठ असेल तरच ही चाल जमते. ओल्या पोळीसारखं अंग असेल तर दिलेला पीळ अंगातच जिरतो, पायापर्यंत पोचतच नाही.

पदार्थ शोधायला ही मंडळी बाजारात गेली. सुमारे डझनभर पर्याय तपासले. बोस्टनची आशियाई दुकानं आणि चायनाटाउनचा बाजार यांत बराच वेळ काढल्याचं संघातल्या शुगुआंग ली यांनी सांगितलं आहे. शेवटी निवडलं ते सॉसेज भरण्यासाठी वापरतात ते डुकराचं वाळवलेलं आतडं. गोव्यातलं चोरिस ज्या तऱ्हेच्या वेष्टनात भरलेलं असतं, तसलं. पातळ, ओलं झालं तरी लगेच न फाटणारं, आणि मुळात खायचीच वस्तू असल्यानं पोटाला परकं नसलेलं. रोबोटिक्सच्या शोधनिबंधात खाटकाच्या दुकानातला माल यावा याचं मला भारी कौतुक वाटतं. अद्ययावत प्रयोगशाळेच्या कपाटात जे नव्हतं ते टोपलीत सापडलं.

आतड्याच्या दोन थरांमध्ये बायोलेफिन नावाचा, उष्णतेनं आक्रसणारा आणि विघटन होणारा प्लास्टिकचा थर. बाहेरच्या थरांना ठरावीक जागी चिरा दिलेल्या. तापवलं की मधला थर आकसतो आणि चिरा जिथं आहेत तिथं घडी पडते. कुणी हातानं घडी घालत नाही. आता मऊपणाची भरपाई कशी केली पाहा. एक, चिरा कमी केल्या, कारण प्रत्येक चीर अंग लेचंपेचं करते. दोन, घड्या अशा घातल्या की त्याच ताठपणा देतील. वहीचा कागद एका टोकाला धरला तर लोंबतो. त्यालाच पेटीच्या भात्यासारख्या घड्या घाला, घड्यांच्या दिशेनं तो पट्टीसारखा ताठ उभा राहतो आणि आडव्या दिशेनं मात्र भात्यासारखा दबतो, पसरतो. एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला लवचिक, दोन्ही एकाच कागदात.

शेवटचा आकार ठरला तो असा: लांबट चौकोन, लांबीला आडव्या भात्याच्या घड्या, चारही कोपरे चिमटलेले. हे कोपरे म्हणजे पाय. पुढच्या बाजूच्या एका घडीच्या मध्यभागी चुंबक. गिट्रॉन यांच्या शब्दांत हा आकार बराचसा ‘करून पाहा, चुकलं की बदला’ अशा पद्धतीनं आला. त्यात लपवण्यासारखं काही नाही. घडी गोळीत मावेल इतकी दबली पाहिजे आणि बर्फ वितळल्यावर आपसूक पूर्ण उघडलीही पाहिजे, या दोन्ही अटी कागदावर सोडवायला बसलं तर वर्ष जाईल.

जठरात द्रव असतो, त्याचाही उपयोग करून घेतला. अंग बऱ्यापैकी सपाट ठेवलं, माशाच्या पराप्रमाणे पाणी मागे लोटेल असं. त्यांच्या हिशेबानं पुढे जाण्यातला ८० टक्के वाटा धरा-सोडा चालीचा आणि २० टक्के पाणी लोटण्याचा.

लिंबूपाण्याचं जठर

चाचणी जिवंत प्राण्यात झाली नाही. डुकराचं जठर आणून त्याचे ताण-दाबाचे गुणधर्म मोजले आणि त्यांना जुळेल अशा सिलिकोन रबरात अन्ननलिका आणि जठर ओतून घेतलं. ते पूर्ण बंद पिशवीसारखं नव्हतं, उभं कापलेलं होतं, आतलं दिसावं म्हणून. जठररसाच्या जागी पाणी आणि लिंबाचा रस. या सगळ्याभोवती विद्युतचुंबकीय गुंडाळ्या.

बर्फाची गोळी नळीतून खाली आली, वितळली, घडी उलगडली. बाहेरचं क्षेत्र फिरवत रोबो सेलपाशी नेला. सेलचं कवच पोलादी असतं, चुंबक त्याला चिकटला आणि सेल जागेवरून सुटला. ज्या चुंबकानं रोबो चालतो तोच हात म्हणूनही कामी आला. जखमेवर औषधाचा थर टेकवायचं कामही निबंधात दाखवलेलं आहे. प्रात्यक्षिक म्हणून ते सफाईदार होतं, याबद्दल वाद नाही.

ओझं कुठं गेलं

आता गुंडाळ्यांकडे वळू. चुंबकीय क्षेत्र, उगमापासून पुरेसं लांब गेल्यावर, अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट, तर क्षेत्र एक अष्टमांश. तिप्पट, तर सत्ताविसावा भाग. ओढण्याचा जोर तर चौथ्या घाताच्या प्रमाणात पडतो. टेबलावरच्या सिलिकोनच्या साच्याशी गुंडाळी अगदी जवळ आणता येते. माणसाच्या बाबतीत मध्ये पोट असतं, चरबी असते, फासळ्या असतात. साच्यात जेवढं क्षेत्र लागलं तेवढंच तिथं पोचवायचं तर बाहेरचं यंत्र झपाट्यानं मोठं होत जातं.

हे अशक्य नाही. कॅमेऱ्याची गोळी बाहेरून चुंबकानं वळवण्याची पद्धत चीनमधल्या रुग्णालयांत वापरात आहे आणि अमेरिकी नियामकानं तशा एका यंत्रणेला २०२० मध्ये परवानगी दिली. त्यात रुग्ण पाणी पिऊन खाटेवर झोपतो आणि त्याच्या वर यांत्रिक हातावर बसवलेला एक मोठा कायमचुंबक फिरत राहतो. आत काही ग्रॅमची गोळी आणि बाहेर खोली अडवणारं यंत्र. ०.३ ग्रॅमचा रोबो म्हणताना ही दुसरी बाजूही वजनात धरायला हवी. बॅटरी काढून टाकली असं म्हणण्यापेक्षा ती रुग्णालयाच्या एका खोलीत नेऊन ठेवली, असं म्हणणं जास्त खरं आहे.

यातूनच माझा मुख्य आक्षेप निघतो. सेल सर्वांत घातक असतो तो अन्ननलिकेत, आणि तिथं हाताशी वेळ दोन तासांचा. अन्ननलिकेतला सेल आज तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. रोबो जठरात चालतो, आणि जठरात उतरलेला सेल बहुतेक वेळा स्वतःच पुढे सरकतो. म्हणजे जिथं गरज तीव्र तिथं हा रोबो काही करू शकत नाही, आणि जिथं तो करू शकतो तिथं गरज तुलनेनं कमी. त्यात असं चुंबकीय यंत्र असलेलं रुग्णालय गाठायचं. जिथं असं यंत्र असेल तिथं दुर्बीण घालणारा डॉक्टर नसेल का? हॅमचा तुकडा सेल मांसाला काय करतो हे दाखवतो; तो सेल कुठं अडकतो हे हॅम सांगत नाही.

मग हे काम वाया गेलं का? तसं मला मुळीच वाटत नाही. पटवण्यासाठी निवडलेला रुग्ण चुकला असेल, पण बाहेरून दिलेल्या साध्या पिळातून, हाडं-मोटर काही नसलेल्या घडीनं चालणं, पोहणं आणि उचलणं काढता येतं, हे त्यांनी खाण्याच्या मालातून करून दाखवलं.

पुढच्या दोन कामांत या रचनेच्या मर्यादांवर उत्तरं दिसतात. पहिली मर्यादा: चुंबक एक, म्हणून हुकूमही एकच. क्षेत्र फिरलं की आतला प्रत्येक चुंबक फिरतो, यालाच हलव आणि त्याला थांबव असं सांगता येत नाही. हार्वर्डच्या मुस्तफा बोयवात, जे-संग को आणि रॉबर्ट वुड यांनी २०१७ मध्ये वेगळी वाट घेतली. घडीच्या प्रत्येक सांध्यात तापल्यावर मूळ आकाराकडे परतणाऱ्या मिश्रधातूची स्प्रिंग आणि ठरावीक वारंवारितेलाच दाद देणारं छोटं सर्किट. बाहेरच्या क्षेत्राची वारंवारिता बदलायची, की हवा तोच सांधा वाकतो. रेडिओचं बटण फिरवून स्टेशन लावावं तसं. किंमत अशी की स्प्रिंग तापवावी लागते, आणि निवायला वेळ जातो.

दुसरी मर्यादा: अंग मऊ, पण त्यात चुंबकाचा कडक खडा. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मेतिन सित्ती यांच्या गटानं २०१८ मध्ये तो खडाच काढून टाकला. चुंबकाची पूड मऊ सिलिकोनमध्ये मिसळून ३.७ मिलिमीटर लांब, १.५ मिलिमीटर रुंद आणि ०.१८५ मिलिमीटर जाड अशी पट्टी केली. ती एका कांडीभोवती गुंडाळून प्रबळ क्षेत्रात धरली. उलगडल्यावर पट्टीच्या लांबीभर चुंबकत्वाची दिशा बदलत गेलेली. मग क्षेत्र दिलं की प्रत्येक भाग आपापल्या दिशेनं पिळतो आणि पट्टी लाटेसारखी वाकते. चालते, लोळते, उडी मारते, पोहते. तिथं घडीचं काम पुडीच्या मांडणीनं केलं. गुंडाळ्या मात्र बाहेरच राहिल्या, तेवढ्याच.

२०१६ च्या रोबोत तो खडा होता, आणि मला राहून राहून तोच आठवतो. आतडं विरघळेल, बायोलेफिनचं विघटन होईल. निओडायमियमचा घन तसा विरघळून नाहीसा होणार नाही, तो सेलला चिकटून पुढे जाणार. पोटात एकाहून जास्त चुंबक गेले, किंवा चुंबकासोबत सुटं लोखंड गेलं, तर ते आतड्याच्या दोन वळ्यांना मध्ये चिमटून भोक पाडू शकतात, म्हणून मुलांचे डॉक्टर चुंबकाला सेलइतकेच घाबरतात. तेव्हा पहिला रोबो बाहेर पडेपर्यंत दुसरा पाठवायचा नाही, आणि तोवर एमआरआयच्या खोलीकडे फिरकायचंही नाही. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत दुहेरी कडेचं वर्तुळ दिसेल आणि त्याला लागून एक चौकोनी ठिपका. दोन्ही पडले का, हे पाहायला घरच्यांना पुन्हा शौचाचं भांडंच तपासावं लागेल.